आज फौजीचा फोटू न्हाई?

लॉकडाऊनमध्ये कॉलेज बंद पडलं आणि साताऱ्यातली खोली सोडून मी रहिमतपूरजवळच्या आमच्या गावी आले, तेव्हा आठ दिवसांत घरच्यांनी माझ्यापुढं हात टेकले. मला गप बसवतच नाही. दिवसातून दहादा उंबऱ्यापर्यंत जायचे, आई ओरडली की परत यायचे. शेवटी वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, आपला फोन माझ्या हातात दिला. याच्याशी खेळ, पण एका जागी बस म्हणाले.

माझ्याहून जास्त तळमळत होता तो दादा. आप्पा फौजेतून रिटायर झालेले, चुलते अजून फौजेत. दादानं दुसरं काही करावं असं कुणाच्या डोक्यातच नव्हतं, त्याच्याही नाही. आणि नेमकी भरतीच बंद. भरती पुढं पुढं जात होती, त्याचं वय काही थांबत नव्हतं. तरी तो रोज पहाटे कॅनॉलच्या रस्त्यानं पळायचा आणि मी फोन घेऊन मैलाच्या दगडापाशी उकिडवी बसायचे. फोटो काढताना तेवढं माझं डोकं शांत असायचं. बाकी दिवसभर नुसती आग.

एके दिवशी दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले, असा फोटो सापडला. मी तो आप्पांच्या स्टेटसला ठेवला, वर लिहिलं, 'आमचा फौजी'. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, तशातली मी. पण गावाला तो आवडला. आप्पांच्या पलटणीतल्या जुन्या मित्रांनी शाबासक्या पाठवल्या. मग मी रोज एक ठेवू लागले. लोक दादाला नावानं हाक मारायचे विसरले. पारावरची माणसंसुद्धा फौजी म्हणू लागली, आणि मला वाटायचं, चला, या वाईट दिवसांत आपण घरासाठी काहीतरी केलं.

कॉलेज पुन्हा सुरू झालं, तरी मी साताऱ्याला खोली घेतली नाही. एसटीनं जाऊन येऊन करायचे, पहाटेचा फोटो चुकू नये म्हणून. दादाचा वाढदिवस होऊन गेला, भरतीचं वय उलटलं. आप्पांनी विचारलं तर म्हणाला, वयात सवलत मिळणार हाय. आप्पांनी मान हलवली. आई रोज रात्री दादासाठी हरभरे भिजत घालायची, ते ती घालतच राहिली.

पुढं एका पावसाळ्यात दुपारी स्टेटससाठी फोटो निवडत होते. एक मोठा करून बघितला. बनियन छातीवर ओलंचिंब, बगलेत मात्र कोरडं. घाम असा येतो होय? बूट बघितले. कॅनॉलचा रस्ता पुढं सगळा चिखलानं भरलेला आणि बूट धुतल्यासारखे स्वच्छ. मी मागच्या दिवसांचे फोटो उघडले. तेच. आणखी मागं गेले. तेच.

दुसऱ्या पहाटे रोजच्यापेक्षा लवकर निघून, दगडापाशी न थांबता मी वळणाच्या पलीकडं चालत गेले. पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या पायरीवर दादा बसला होता. शेजारी पाण्याची बाटली. मी रोज ज्या वेळेला दगडापाशी बसायचे, ती वेळ व्हायची वाट बघत होता. मला बघून उठलासुद्धा नाही. मी भडकले. सगळ्यांना फसवतोस, आप्पांना फसवतोस, लाज वाटत नाही का, जे तोंडाला आलं ते बोलले.

"सवलत आली गं," तो म्हणाला. "त्यात बी मी बसत न्हाई. लय दिस झालं."

"मग सांगायचं ना घरी!"

"कसं सांगू? रोज सकाळी तू मला फौजी करतीस. तू फोटू काढायचं बंद कर, म्हंजे मला पळायचं बंद करता यील."

मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्याच्याशेजारी पायरीवर बसले. बराच वेळ बसले, मी, जिला गप बसवत नाही.

त्या दिवशी स्टेटस रिकामं. संध्याकाळी आप्पांबरोबर डेअरीत दूध घालायला गेले, तर रांगेतून कुणीतरी विचारलं, "आज फौजीचा फोटू न्हाई?"

नाव मीच ठेवलं होतं, काढायचंही मलाच होतं. "त्याचं वय संपलं," मी म्हणाले. "तो फौजी न्हाई."

आप्पांनी किटली घेतली आणि चालायला लागले. मी मागून पळत त्यांना गाठलं आणि म्हणाले, आवं आप्पा, रागवा तरी. ते थांबले.

"मला ठावं हुतं," ते म्हणाले. "पन तुजं फोटू बगून वाटायचं, आजून येळ हाय."

घरी येऊन त्यांनी आईला हरभरे भिजवू नको म्हणून सांगितलं.

आता दादा सांगलीजवळ कुपवाडला एका कारखान्यात लेथ मशीनवर काम करतो, पण डेअरीतल्या त्या संध्याकाळनंतरच्या सकाळची गोष्ट वेगळी. सवयीनं मला पहाटेच जाग आली. जायचं कुठं? फोन घेऊन नुसती घरातून अंगणात, अंगणातून घरात करत राहिले. ऊन खिडकीतून आत आलं तरी दादा झोपलेला होता, तोंड उघडं, एक पाय पांघरुणाबाहेर. इतक्या वर्षांत मी त्याला उजेडात झोपलेला बघितलाच नव्हता. मी एक फोटो काढला. आवाजानं त्यानं एक डोळा उघडला.

"काडलास?"

"व्हय."

"कुटं ठिवू नगंस."

"न्हाई ठेवत."

त्यानं कूस बदलली आणि परत झोपला.