बोटभर खाली

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा दौंडच्या हॉस्पिटलात एका पेशंटचा गुडघा माझ्या हातात होता. मामीचा आवाज शांत होता. सकाळी चहा घेतला, ओट्यावर टेकले आणि मान कलली, एवढंच ती म्हणाली. मामांच्या गावी, निमोण्याला पोचेपर्यंत मी गाडीत रडले नाही. एकच विचार डोक्यात फिरत होता... या माणसानं शेवटी माझ्यावर विश्वास ठेवला होता की नाही?

मामा शिरूरच्या मोजणी कार्यालयात होते. जमिनीच्या हद्दी मोजायच्या, खुणेचे दगड शोधायचे. भांडणाऱ्या भावांच्या मधल्या बांधावर उभं राहून त्यांनी इतकी वर्षं काढली, की कुणाच्याही शब्दावर विसंबायची सवयच मोडली. रात्रीतून हद्दीचे दगडही चालतात, असं ते म्हणायचे. दूधवाल्यासमोर स्वतःच्या मापानं दूध घ्यायचे, मेडिकलमधून आणलेली गोळ्यांची पाकिटं चष्मा लावून उलटसुलट वाचायचे, आणि भाजीत मीठ घातलंय असं मामीनं सांगितलं तरी आधी चाखून बघायचे. आम्हा भाचरांना हसू यायचं. मामीला यायचं नाही.

त्यांचा उजवा खुबा झिजला आणि बदलायचं ठरलं, तेव्हा मीच त्यांना दौंडला आणलं. मी तिथं फिजिओथेरपिस्ट. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी त्यांना आडवं करून कंबरेच्या पुढचं हाडाचं टोक चाचपलं, मग मांडीच्या वर बाहेरून हाताला लागणारा उंचवटा, आणि पेनानं कातडीवर खुणा केल्या. मामांनी लगेच विचारलं, ह्या कशापायी? डॉक्टर चिडले नाहीत. कातडी सरकते, मांस सुजतं, पण हाडाचं टोक जागचं हलत नाही. म्हणून नवा सांधा कुठं बसवायचा ते त्यावरून ठरतं, आणि पायाची लांबीही त्या टोकापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत मोजतात, असं त्यांनी समजावलं. मामांचं बोट धरून त्या टोकावर टेकवलं. मामा बराच वेळ ते चाचपत राहिले. "म्हंजी तुमचंबी आमच्यावानीच हाय," ते म्हणाले. त्या दिवसापुरता तरी डॉक्टरांवरचा त्यांचा संशय फिटला.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी तो संशय परत आला. वॉकर धरून उभं केलं तर म्हणाले, पाय लांब झालाय. मला फसवलंय. खाली बसले ते उठेनात. शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही सांगायला लागले, की इथं नीट बघून घ्या. मी डॉक्टरांना विचारलं. सांधा निसटू नये म्हणून पाय साधारण सेंटिमीटरभर वाढलाय, शरीर सरावतं, त्यांना नीट समजावून सांग, असं ते म्हणाले.

मी सांगितलं नाही. सांगितलं तर मामा पुन्हा पाय टेकवणार नाहीत, खाटेलाच खिळतील, ही भीती होती. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या प्रश्नांचा कंटाळाही आला होता. मी टेप आणली. डावा पाय बरोबर मोजला. उजव्या बाजूला मात्र टेप हाडाच्या टोकावर न धरता बोटभर खाली धरली. दोन्ही आकडे सारखे आले, ते त्यांना दाखवले. मामांनी टेपकडे पाहिलं, मग माझ्याकडे... आणि उठले. त्या दिवशी ते दारापर्यंत चालले.

तीन-चार महिन्यांनी निमोण्याला गेले, तेव्हा ते काठीशिवाय हिंडत होते. मला म्हणाले, आत ये. खुंटीवरची टेप काढून ते खाटेवर आडवे झाले. मामीला घोट्यापाशी टेप धरायला लावली. मग माझं बोट धरून त्यांनी कंबरेच्या हाडावर टेकवलं, अगदी टोकावर.

"त्या दिवशी तू हितं धरली न्हवतीस, शैला."

मी मान खाली घातली. मग तेव्हाच का बोलला नाहीत, असं कसंबसं विचारलं.

"आकडा दावताना तू टेप माझ्या हातात दिली न्हाईस. म्हटलं, पोरगी भ्यालीय. आपण चाललो तर तिचं भ्या जाईल." टेप गुंडाळून ठेवत ते पुढं म्हणाले, "पण खूण हलवू न्हाई, बाई. मला खरं सांगितलं असतंस तरी मी चाललो असतो."

मी माफी मागितली. त्यांनी चहा टाकायला सांगितलं. त्यानंतर ते कधी रागावले नाहीत, पण मी सांगितलेला प्रत्येक व्यायाम डॉक्टरांना फोन करून ताडून बघायला लागले. मी दिलेली गोळी खिडकीच्या उजेडात नेऊन बघायचे. मला ते लागायचं. त्यांनी मला माफ केलंय की नुसतं सांभाळून घेतलंय, हे मला कधी कळलं नाही, आणि विचारायचं धाडसही झालं नाही...

मामांना जाऊन आता दीड महिना झाला. मागच्या आठवड्यात निमोण्याच्या एक बाई खुबा दुखतो म्हणून आल्या. मामांची आणि त्यांची ओळख मला माहीत नव्हती. टेबलावर आडव्या झाल्या आणि मी टेप काढायच्या आत त्यांनी स्वतःच कंबरेचं हाड चाचपून दोन बोटं तिथं रोवली.

"मोजणीवाल्या मामांनी शिकवलंय," त्या म्हणाल्या. "बोलले व्हते, दौंडला माझ्या भाचीकडंच जा, दुसरीकडं जाऊ नका. पण बोट आपलं ठिवा."

मी त्यांच्या बोटांना टेप भिडवली आणि आकडा आधी त्यांनाच वाचायला दिला.