टेम्पोचे आवाज

गाडी सुरू करण्याआधी ती विकणाऱ्या माणसाने रेडिओ मोठा केला. मला तिथेच काहीतरी खटकलं होतं. पण सोबत आलेल्या तिघांना नाही खटकलं, आणि ते तिघेही इंजिनिअर! मी आपली मायक्रोबायॉलॉजीवाली. गाडीतलं मला काय कळणार!

या गाडीचे किस्से आमच्याकडे ड्राइव्हवेवरच्या बर्फासारखे साठले आहेत. पडत असतात तेव्हा कोणी लक्ष देत नाही, आणि एक दिवस दार उघडायला जावं तर उघडत नाही. कॅनडातल्या मिल्टनमधल्या आम्हा पाच-सहा मराठी घरांचं शनिवारी पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण, असलं की कोणीतरी म्हणतंच, "मुक्ता, तो पळीचा सांग ना!" मग पळीवरून लिंबू, लिंबावरून टायर, आणि जेवण गार.

गाडी का घ्यावी लागली, ते आधी सांगते. मला ग्वेल्फला एका फूड टेस्टिंग लॅबमध्ये नोकरी लागली होती. माझा नवरा निरंजन ट्रेनने टोरांटोला जातो. त्याची ट्रेन पूर्वेला, माझी लॅब पश्चिमेला, आणि पश्चिमेला फक्त टेकडीचा चढ, शेतं आणि वारा. लॅबच्या मॅनेजरबाईंनी पहिल्याच दिवशी फार गोड आवाजात सांगितलं, की आधीची मुलगी दोनदा बर्फ पडला म्हणून घरी राहिली, आणि तिसऱ्यांदा त्यांनीच तिला घरी ठेवलं. माझं प्रोबेशन हिवाळ्याअखेर संपणार होतं. थोडक्यात, हिवाळाभर एकटीने गाडी चालवली तर नोकरी, नाहीतर नाही.

आणि मी कोण? टोस्टरमधून ब्रेड वर आला तरी दचकणारी.

*

तर गाडी बघायला गेलो ते आम्ही दोघं, सचिन आणि परांजपे काका. सचिन आमचा शेजारी, मूळचा नागपूरचा, सॉफ्टवेअर टेस्टर. परांजपे काका सत्तर सालाच्या सुमारास इथे आले, हॅमिल्टनच्या एका स्टीलच्या कारखान्यात त्यांनी जन्म काढला आणि आता रिटायर होऊन आम्हा सगळ्यांना सल्ले देतात.

गाडी म्हणजे जुनी ऑल-व्हील-ड्राइव्ह वॅगन. बाटलीहिरवी, लांबलचक, मागे अख्खा गणपती मखरासकट मावेल अशी.

बॉनेट उघडलं. तिघेही हात मागे बांधून आत बघत उभे राहिले, तेरवीला फोटोसमोर उभं राहावं तसे. मग काकांनी दारावर टिचकी मारून कान लावला. निरंजनने वाकून गाडीखाली बघितलं आणि म्हणाला, "खाली काही दिसत नाहीये." सचिन म्हणाला, "एकदा बंद करून पुन्हा चालू करून पाहू ना बे!"

"काका, घ्यायची का?" मी विचारलं.

"मी असतो तर नवी घेतली असती," काका म्हणाले. "पण लोखंड बरं आहे. जुनं लोखंड आणि जुना नवरा, थोडी कुरकुर करायचेच."

घेतली. परत येताना मी रेडिओ बंद केला, आणि मागून स्पष्ट ऐकू आलं: कर्रर्र... कर्रर्र.

"हा कसला आवाज?"

निरंजनने शांतपणे रेडिओ परत लावला. "कुठला आवाज?"

*

दसऱ्याला गाडीची पूजा. पॉटलकचं सगळं सामान तोवर आमच्याच गाडीतून जायला लागलं होतं, म्हणून सचिनने तिचं नाव टेम्पो पाडलं होतं. परांजपे काकूंनी टेम्पोला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. चाकांखाली लिंबं ठेवायची वेळ आली तेव्हा सचिनने समोरच्या दोन चाकांखाली ठेवली.

"अरे, ही चारही चाकांनी चालते ना?" काकू म्हणाल्या. "मग चारही चाकांना नको का?"

तांत्रिकदृष्ट्या बिनतोड! चार लिंबं ठेवली. काका म्हणाले, निरंजन, बस, काढ गाडी. निरंजन म्हणाला, "गाडी तिची आहे, तीच काढेल." मी बसले, देवाचं नाव घेतलं, हळूच पुढे घेतली.

फच्च.

मी करकचून ब्रेक दाबला आणि दार उघडून खाली उडी मारली.

"काय गं, काय झालं?"

"कशावरून तरी गेली गाडी!"

काकूंनी वाकून चाकाखाली बघितलं. "लिंबू गं, बाळा," त्या म्हणाल्या. "तुझ्यासमोरच ठेवलं की आत्ता."

*

आता पळी. गणपतीच्या दिवसांत त्या कर्रर्रला मागून एक टकही जोडलं गेलं, आणि ते कर्रर्र-टक काही जाईना. आमचे पंजाबी मेकॅनिक गुरमीत पाजी, त्यांचं गॅरेज ब्रॅम्प्टनला. मी गाडी घेऊन गेले की आवाज गप्प! पाजी एक चक्कर मारून यायचे आणि म्हणायचे, "मॅडमजी, गड्डी तो मक्खन है."

शेवटी मी आवाज काढूनच दाखवला. आधी कर्रर्र, मग टक. पाजी गंभीरपणे ऐकत होते. मग त्यांनी आत हाक मारली, "ओए, सब इधर आओ!" हात पुसत त्यांचे दोघं भाऊ आले. "मॅडमजी, एक बार फिर से."

तीनदा केलं. तिघा भावांनी तीन निदानं सांगितली. मोठे म्हणून पाजींचं चाललं आणि मागच्या चाकाचं बेअरिंग बदललं गेलं. मी आनंदाने घरी निघाले. पहिल्याच वळणावर: कर्रर्र नाही, पण टक!

पुन्हा गेले. या वेळी पाजींनी मागचा तळ उचलला, स्पेअर चाक बाहेर काढलं, आणि त्याखालून काकूंची आमटीची पळी निघाली. गणपतीपासून हरवलेली! त्या पळीवरून काकू आणि आमच्यातल्या आणखी एक बाई तेव्हापासून एकमेकींशी जेवढ्यास तेवढं बोलत होत्या.

पाजी जराही वरमले नाहीत. फडक्याने पुसून पळी माझ्या हातात दिली. "देखो जी, बेअरिंग भी नया, कड़छी भी नई!"

*

टायरचा निकाल पॉटलकला लागला. म्हणजे, लागला नाही.

सचिनचं म्हणणं, बर्फासाठीचे विंटर टायर दोनच घ्यायचे. "चारातले दोन झाले, म्हणजे फिफ्टी पर्सेंट सेफ ना बे! नुसतं घाबरून काय होते?"

पाजींनी बजावलं होतं की या गाडीला चारही सारखेच हवेत, एका चाकाचा टायर वेगळा झिजला तरी मधला गिअर रुसतो. मी ते सांगितलं.

परांजपे काकांना हा सगळाच पोरकटपणा वाटत होता. ते बाराही महिने ऑल-सीझन टायरवर गाडी चालवतात, आणि त्यांची गाडी म्हणजे नवी कोरी रुपेरी सेडान. "आम्ही आलो तेव्हा विंटर टायर, हीटेड सीट असले लाड नव्हते," काका म्हणाले. "गाडी टायरवर नाही चालत. मनगटावर चालते!"

काकू आतून म्हणाल्या, "आणि टो ट्रकवर."

मी चार घेतले.

*

हिवाळा सुरू झाला आणि काकूंनी टेम्पोत ठेवायला एक पेटी भरून दिली. त्यात घोंगडी, टॉर्च, जाड मेणबत्ती, दशम्या, शंकरपाळ्यांचा डबा, लोणचं आणि बासमतीचं रिकामं तागाचं पोतं. पेटीबाहेर फावडं.

"ही कामाला निघालीये का काशीला?" काका म्हणाले.

"काकू, पोतं कशाला?"

"चाक फिरायला लागलं की त्याच्याखाली सारायचं. आमच्या ह्यांच्या मनगटाला तीसेक वर्षं हेच पोतं लागतंय."

काकांना अचानक खोकला आला.

*

खरी पंचाईत फोनची झाली. मी एकटी गाडी चालवायला लागले तशी प्रत्येक आवाजाला कोणाला तरी फोन करायला लागले. गाडी बाजूला घ्यायची, फोन उघडायचा, आवाज काढून दाखवायचा. बर्फावर ब्रेक दाबला की पायाखाली गर्रर्र होतं, तो एबीएसचा, म्हणजे चाकं घसरू न देणाऱ्या ब्रेकचा आवाज, तो चांगला. वायपरचा कुंई, तोही चांगला. एक धप्प होतं. ते म्हणजे छतावरचा बर्फ काचेवर आला होता. त्या धप्पसाठी मी चौघांना फोन केले!

निरंजन ट्रेनमध्ये असला की फोन थेट व्हॉइसमेलवर जायचा. सचिन सुरुवातीला उचलायचा, "बोल, टक-टक का घर्रर्र?" पुढे पुढे तोही उचलेना. काका एकटे नेमाने उचलायचे आणि प्रत्येक वेळी एकच उत्तर द्यायचे: "आवाज कसलाही असो, तू चालवत राहा. थांबलीस की फसलीस."

मग एका पॉटलकला काकांचा फोन टेबलावर पडला होता आणि मी त्यांना वरच्या मजल्यावरून फोन लावला, चहा हवा का विचारायला. खाली हशा पिकला. मी उतरून येऊन बघते तर स्क्रीनवर माझं नाव नव्हतंच. सचिनने इंग्रजी अक्षरांत सेव्ह करून दिलं होतं: "आवाज".

सगळे हसले. मीही हसले. पण त्यानंतर फोन लावताना मला दर वेळी ती स्क्रीन दिसायची. आणि हळूहळू काकाही उचलेनासे झाले.

*

आता शेवटचा.

फेब्रुवारी. प्रोबेशनचे थोडेच आठवडे उरलेले. टीव्हीवर सांगितलं की पहाटेपासून बर्फ, शिवाय वारा. मी संध्याकाळीच काकांच्या घरी फोन लावला. घरचा फोन ते उचलतात, कारण त्यावर नाव दिसत नाही.

"काका, उद्या टेकडीवरचा रस्ता कसा असेल हो?"

"रस्त्यासारखा असेल. झोप."

सकाळी निरंजन म्हणाला, "नको जाऊस आज." मला मॅनेजरबाईंचा गोड आवाज आठवला. निघाले.

चढापर्यंत ठीक होतं. चढावर वारा आडवा आला, समोरचं सगळं पांढरं झालं, आणि मी दचकून ब्रेक दाबला. पायाखाली गर्रर्र. टेम्पो सावकाश, अगदी शिस्तीत, उजवीकडे सरकला आणि रस्त्याकडेच्या बर्फात नाक खुपसून थांबला. थांबलीस की फसलीस!

निरंजनला फोन लावला. व्हॉइसमेल. सचिनला लावला. वाजून वाजून बंद. काकांना लावला. वाजून वाजून बंद. पुन्हा काकांना. पुन्हा तेच. शेवटी टो ट्रकच्या कंपनीला लावला, तर तिथे बासरी लागली आणि एक बाई सांगत राहिली की माझा फोन त्यांना फार महत्त्वाचा आहे.

एक शंकरपाळं खाल्लं. मग उतरले. फावड्याने चाकांपुढचा बर्फ काढला. एक पुढचं चाक नुसतंच गुळगुळीत बर्फावर टेकलं होतं, त्याच्याखाली पोतं सारलं. आत बसून रिव्हर्स टाकला आणि ॲक्सिलरेटरवर पाय नुसता ठेवला, दाबला नाही. चारही चाकांनी एकदम जमीन धरली. मला वाटलं कोणीतरी पुढून ढकललं. मान वळवून बघितलं. कोणी नव्हतं. मी रस्त्यावर होते.

पोतं उचललं, झटकलं, पेटीत ठेवलं आणि निघाले. कुठूनतरी टक-टक येत होतं. चालवत राहिले.

चढ संपून वळण घेतलं तर पुढे एक गाडी डावीकडच्या नाल्यात उतरलेली. तोंड ग्वेल्फकडे, शेपूट रस्त्याकडे, पिवळे दिवे लुकलुकतायत. रुपेरी सेडान. मागच्या काचेपाशी काकूंच्या हातची क्रोशाची उशी.

त्या रस्त्याला काकांचं काही म्हणजे काही काम नसतं.

मी मागे टेम्पो थांबवला, दिवे लावले. आतून त्यांचं टोपीतलं डोकं दिसत होतं, हलत होतं, म्हणजे ठीक होते. वारा असा, की हॉर्न दिला तो मलाही धड ऐकू आला नाही. दार उघडायला जावं तर वारा ते परत लावत होता. म्हणून फोन लावला.

समोर, त्यांच्या गाडीत, एक छोटा निळा उजेड लागला. काकांनी फोन उचलून डोळ्यांसमोर धरला. बघितलं. परत खाली ठेवला.

पुन्हा लावला. पुन्हा उजेड. पुन्हा बघितलं. पुन्हा ठेवला.

मी लावत राहिले. कितव्या वेळी कोण जाणे, त्यांनी फोन कानाला लावला.

"हे बघ मुक्ता," काका म्हणाले, "आवाज कसलाही असो, मी आत्ता कामात आहे. आणि तुझा तो टेकडीवरचा रस्ता उत्तम आहे. मी स्वतः बघितलाय. तू बिनधास्त ये."

"काका," मी म्हटलं, "आरशात बघा."