मावशीची नोंद

ग्रंथालयात तिला सगळे कॅटलॉगबाई म्हणत. सव्वीस वर्षं लेखकांच्या नोंदी करण्यात गेलेली. जन्म, व्यवसाय, लिंग. पक्का आधार असेल तेवढंच भरायचं, नसेल तिथे रकाना कोरा सोडायचा, ही तिची शिस्त. नवे साहेब आले आणि त्यांनी फतवा काढला: एकही रकाना कोरा दिसता कामा नये.

"लिंग नावावरून कळतं की, बाई! त्यात डोकं कशाला चालवायचं?"

एका नोंदीत लिंगाचा रकाना तिने मुद्दामच कोरा ठेवला होता. ती नोंद धाकट्या भावाची. बाजारात त्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्या कामावर त्याने छोटंसं पुस्तक लिहिलं होतं. जन्मदाखल्यावर तो मुलगी होता. पंचवीस वर्षं पुरुष म्हणून जगत होता. बाजारात कुणाला याची गंधवार्ता नव्हती. साहेबांना होती, कारण शाळेत ते दोघं एकाच वर्गात होते. त्यांनी स्वतः नोंद उघडून 'स्त्री' असं भरलं.

ग्रंथालयातल्या वाचकांच्या कॉम्प्युटरवर भावाच्या एका गिऱ्हाइकाने ते वाचलं. दुसऱ्या दिवशी भर दुकानात हाक आली, "काय बाईसाहेब, झालं का मशीन?"

संध्याकाळी भाऊ बहिणीकडे आला. चहाला त्याने हात लावला नाही.

"ताई, ते काढ गं. अजून दहा जण वाचायच्या आत काढ."

भरलेला रकाना पुसायचा तर साहेबांचा लेखी हुकूम लागे आणि बाईंचा पासवर्ड. ती केबिनमध्ये गेली. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "खरं तेच लिहिलंय ना? मग एवढं झोंबतं कशाला?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती एवढंच म्हणाली, "बरोबर आहे, साहेब. खरं तेच लिहायचं."

कोऱ्या रकान्यांच्या यादीत एक 'मावशी' होती. 'नव्या सुनेला मावशीची पत्रं' लिहिणारी; खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. ते पुस्तक साहेबांच्या बायकोला लग्नात नवऱ्यानेच दिलेलं. नात्यात कुणाचं लग्न ठरलं की ती गुरुवारी येऊन नवरीला वाचायला ग्रंथालयातली प्रत नेई. "नवरा दमून आला की प्रश्न विचारू नयेत," ती काउंटरवर म्हणून दाखवी. "मावशी अगदी मनातलं बोलते हो!"

बाईने भेट आलेल्या पुस्तकांचं बावीस वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढलं. 'लेखकाकडून सप्रेम भेट, पाच प्रती.' खाली सही. तिच्या रजेच्या अर्जांवर साहेबांची असते तीच, लांब शेपटीची.

तिने नोंद भरली. खरं नाव: साहेबांचं, पूर्ण. लिंग: पुरुष. आधार: रजिस्टर, पान एकतीस. मग ती गुरुवारची वाट बघत बसली.

"मॅडम, मावशीची माहिती मिळाली हो," म्हणत तिने स्क्रीन वळवला.

साहेबांच्या बायकोने दोनदा वाचलं. "प्रश्न विचारू नयेत, हे... यांनी लिहिलंय?"

"पान चौदा, मॅडम."

"बावीस वर्षं मी या माणसाला एक प्रश्न विचारला नाही हो!"

पुस्तक तिथेच टाकून ती तरातरा केबिनमध्ये गेली. बावीस वर्षांचे प्रश्न काउंटरपर्यंत ऐकू येत होते. बाईने खुर्ची जरा केबिनकडे सरकवली.

दुसऱ्या दिवशी साहेब बिनइस्त्रीच्या शर्टात तिच्या टेबलाशी आले. "बाई, ती नोंद पुसा."

"खरं तेच लिहिलंय, साहेब."

"हात जोडतो."

"मग हुकूम द्या. हयात लेखकाने सांगितलं की त्याचा लिंगाचा रकाना कोरा करायचा. सगळ्यांसाठी."

साहेबांनी तिथेच सही केली. तिने आधी भावाचा रकाना पुसला, त्याला फोन केला, मग मावशीचा पुसला.

"आणि माझं नाव?"

"नाव काढायला समितीकडे अर्ज करावा लागतो. कारण भर सभेत वाचून दाखवतात."

"अहो, तुमच्या भावाचं काम झालं ना आता?"

"त्याचं झालं, साहेब. दुकानात अजून कोण काय हाक मारतं, ते तो बघतोय. तोवर तुमचं नाव तिथेच राहू दे. माझं काम व्हायचंय."