बँक भरते म्हणणारा माणूस

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये मराठी माणसाने घर घेतलं आणि वास्तुशांतीला पन्नास-साठ पानं वाढायची असली, की फोन जातो तो सुमित्रा केंजळेला. मूळची साताऱ्याची, नवरा रवींद्र आयटीत, मुलगी निधी कॉलेजात, आणि हिचं घरगुती केटरिंग. मसालेभात, अळूची भाजी, जिलबी, मठ्ठा. चव अशी की माणूस दुसऱ्यांदा भात मागतोच. पण गेली दोन वर्षं तिच्या मसालेभाताबरोबर एक कागदही येतो, आणि तो ती घरच्या बाईच्या हातातच देते. काही भली माणसं त्याला समाजसेवा म्हणतात. कसली डोंबलाची समाजसेवा. तो सूड आहे, आणि कुणावर, हे इथल्या अख्ख्या मराठी मंडळाला ठाऊक आहे.

देवदत्त खांबेटेवर. हा घरं विकणारा एजंट. मंडळाच्या कार्यक्रमांत माइक याच्याच हातात, प्रत्येक नव्या घराच्या पूजेत शाल-श्रीफळ यालाच, आणि जिभेवर साखर इतकी की मुंग्या लागाव्यात. सुमित्राचं घर त्यानेच मिळवून दिलं. मार्च महिना होता. विकणारं म्हातारं अमेरिकन जोडपं चाळीस वर्षं त्या घरात राहिलेलं. सह्या घ्यायला देवदत्त केंजळ्यांच्याच डायनिंग टेबलावर बसला होता, समोर आयपॅड, दीडशे पानं. इथे टॅप करा, इथे टॅप करा.

सुमित्राला वाचायचं होतं. ती रेसिपीसुद्धा शेवटपर्यंत वाचल्याशिवाय फोडणी टाकत नाही. तिने पान मागे सरकवलं तेव्हा तो हसून म्हणाला, "ताई, आपलाच माणूस बसलाय ना समोर. वाचत काय बसता? सगळं रुटीन आहे."

आणि ती लाजली. हो, लाजली. गोरा एजंट असता तर तिने चष्मा लावून दीडशेच्या दीडशे पानं वाचली असती, त्याला दोन तास तिष्ठत ठेवला असता. पण मंडळातला माणूस, आपल्या टेबलावर बसून आपला चिवडा खातोय, आणि त्याच्यासमोर कागद वाचत बसायचं म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं. असा संकोच आपल्याच लोकांना होतो आणि आपलेच लोक त्याचा फायदा घेतात. तिने टॅप केलं आणि चहा टाकायला उठली. जाता जाता एवढं विचारलं, "प्रॉपर्टी टॅक्सचं काय करायचं?" तो म्हणाला, "काही नाही करायचं. हप्त्यातच कापतात. बँक भरते."

पुढे सप्टेंबरात काउंटीकडून, म्हणजे इथल्या जिल्हा कार्यालयाकडून, दोन पाकिटं आली. तिला वाटलं, बँकेने भरलेल्या टॅक्सची प्रत असेल. तिने ती नीट फाइलला लावली. जानेवारीत तिसरं पाकीट आलं, दंडाचं.

तेव्हा कुठे तिने फोन फिरवले आणि प्रकरण समजून घेतलं. बँक भरत होती तो टॅक्स त्या म्हाताऱ्यांच्या जुन्या किमतीवरचा, चिल्लर. घर विकलं गेलं की काउंटी नव्या किमतीवर हिशेब मांडते, आणि मधल्या फरकाचं वेगळं बिल काढते. ते वेगळं बिल थेट मालकाच्या नावाने येतं, काही महिन्यांनी, आणि बँक बहुतेक वेळा त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. ते आपण भरायचं. घरात खोली वाढवली, तरी असंच येतं. तिच्या घराच्या किमतींतला फरक चाळीस वर्षांचा होता. दंडासकट अठरा हजार डॉलर्सच्या वर गेलं.

आता हे पैसे होते कुठे? होते, फेब्रुवारीत साताऱ्याला जायचे. वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. तिघांची तिकिटं, हॉलचा अर्धा खर्च, वडिलांसाठी चांदीचं ताम्हन, सगळं ठरलेलं. तिकिटं कॅन्सल केली. वडिलांना ओवाळलं ते वहिनीने आणि सुमित्राने ते पाहिलं फोनवर, स्वयंपाकघरात उभं राहून, आवाज तुटत असलेल्या व्हिडिओ कॉलमध्ये. वडील स्क्रीनकडे बघून विचारत होते, "सुमी आली का?"

तरीही दंडाचं पाकीट आलं तेव्हा तिने देवदत्तला दोष दिला नव्हता. त्याच महिन्यात संक्रांतीच्या कार्यक्रमात तिने त्याला बाजूला घेऊन साधं विचारलं होतं, की हे तुम्ही आधी सांगितलं का नाही. त्याने बाजूला उत्तर दिलं असतं तर विषय संपला असता. पण याच्या हातात माइक. तो तिळगुळाच्या रांगेकडे वळून म्हणाला, "मंडळी, आमच्या सुमित्राताई मीठ चिमटीने मोजतात, पण सरकारचं पाकीट आलं की लोणच्यासारखं मुरत ठेवतात." शंभर माणसं हसली. रवींद्रसुद्धा ओशाळं हसला, आणि त्यासाठी त्याला आठवडाभर घरात कोणी विचारलं नाही.

घरी येऊन तिने ती दीडशे पानं उघडली. सत्तेचाळिसाव्या पानावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, की घर घेतल्यावर तुम्हाला वेगळं बिल येऊ शकतं आणि ते बँक भरेलच असं नाही. खाली तिची सही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या माणसाला माहीत होतं. त्याने तेच पान तिला वाचू न देता पुढे सरकवलं होतं आणि वर बँक भरते म्हणाला होता. तक्रार करावी तर सही हिचीच.

"जाऊ दे ना," रवींद्र म्हणाला.

"तो शंभर माणसांसमोर बोलला," ती म्हणाली. "शंभर माणसांसमोरच कबूल करेल. तोवर मी त्याला सुखाने घास गिळू देणार नाही."

सूड कसा घ्यायचा हे शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. देवदत्तने घर विकलं की वास्तुशांत, वास्तुशांत म्हटली की जेवण, आणि जेवण म्हटलं की सुमित्रा. तिने एका पानावर मराठीत, मोठ्या अक्षरात सगळं लिहून काढलं: पाकीट कधी येईल, कसं दिसेल, कोणी भरायचं, न भरल्यास काय. ट्रे उतरवले की ती घरच्या बाईला आत बोलवायची, कागद द्यायची आणि एकच प्रश्न विचारायची. "खांबेट्यांनी हे सांगितलं होतं का?" बावीस घरं झाली. बाविसांपैकी एकीनेही हो म्हटलं नाही. त्या बायका मग हॉलमध्ये जाऊन शाल पांघरलेल्या देवदत्तकडे ज्या नजरेने बघायच्या, ती नजर सुमित्रा मठ्ठा ढवळता ढवळता मनसोक्त पाहून घ्यायची. खोटं कशाला सांगा, तिला त्यात जिलबीपेक्षा जास्त गोडी वाटायची.

हळूहळू धंद्याला झळ बसली. लोक सही करायच्या आधी पानं वाचायला लागले, प्रश्न विचारायला लागले. काही सरळ दुसऱ्या एजंटकडे गेले.

गेल्या महिन्यात शेजारच्या डब्लिन गावात राधिका आणि अंकुर या तरुण जोडप्याची वास्तुशांत होती. घर देवदत्तनेच दिलेलं. पूजा झाली, शाल झाली, आणि पंगत बसायच्या आधी तो स्वयंपाकघरात आला. चेहरा उतरलेला.

"ताई, माझ्या पोटावर पाय देताय तुम्ही."

"मी कागद देते," सुमित्रा म्हणाली. "तुम्ही लपवलात तोच. फक्त मराठीत."

"लपवला नाही हो. टॅक्सचा आकडा ऐकला की गिऱ्हाईक बिचकतं. सगळेच एजंट तसं करतात." तो खाली बघत राहिला. "काय करू सांगा. माफी मागतो."

"इथे नको. मठ्ठ्याची माफी मागून काय उपयोग? बाहेर माणसं बसलीत."

आणि तो खरंच गेला. कागद घेऊन हॉलच्या मधोमध उभा राहिला, सगळा वाचून दाखवला, आणि म्हणाला, "हे मी सुमित्राताईंना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, वर त्यांची चेष्टा केली. चूक माझी. त्यांना वडिलांच्या कार्याला जाता आलं नाही, ते माझ्यामुळे." सुमित्रा दारात उभी होती, हातात डाव. दोन वर्षं तिने हेच वाक्य ऐकायची वाट पाहिली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग टाळ्या वाजल्या.

टाळ्या त्याच्यासाठी. आधी अंकुरने, मग सगळ्यांनी. एक आजोबा म्हणाले, हल्ली असं कबूल कोण करतं. राधिकाच्या मावशीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. पंगत संपायच्या आत तीन कुटुंबांनी त्याचा नंबर मागून घेतला, कारण माणूस असावा तर असा प्रामाणिक. जाताना तो सुमित्राचा कागद घडी करून खिशात घालत म्हणाला, "ताई, याच्या कॉपी काढून मीच वाटेन आता. खाली माझा नंबर टाकतो." सुमित्राकडे कोणी आलं ते मसालेभात उरलाय का विचारायला.

घरी आल्यावर तिने रिकामे ट्रे सिंकमध्ये आदळले. रवींद्रने चहा करून आणला आणि म्हणाला, "माफी मागितली ना त्याने? झालं तुझ्या मनासारखं."

"त्याने माझी दोन वर्षं शाल म्हणून पांघरली," ती म्हणाली. "सोमवारपासून क्लास लावतेय. एजंटच्या लायसन्सचा."

"या वयात? कशाला?"

"त्याची गिऱ्हाइकं घ्यायला. सगळी. मला बावीस घरांतल्या बायका नावाने ओळखतात. त्याला फक्त त्यांचे नवरे ओळखतात."

रवींद्रने लॅपटॉप ओढला आणि विचारलं, "फी किती आहे?"