ढोलीच्या जागी धुराडं

आमगावच्या स्टेशनावर इंजिनाचं धुराडं पाहून आलेल्या सुखराम कुंभारानं ठरवलं, आपल्या चुलीलाही तसंच एक बसवायचं. चुलीच्या धुरानं डोळे सतत पाणावून त्याच्या बायकोची, वच्छलाची, नजर अधू होत चालली होती. भात शिजला की नाही, हे ती आता बोटानंच चाचपून पाही.

त्यानं चाकावर मातीचे नळ घडवले, भाजले. पण घर बापाच्या वेळचं. चुलीच्या थेट वर मोहाच्या लाकडाची जाड मयाल, छपराची तुळई, आडवी. ती कापली तर सारं छप्परच अंगावर येणार. मयालीला वळसा घालायला एकच कोपरा होता आणि तिथं धान साठवायची ढोली उभी. तापल्या नळाशेजारी बियाण्याचा धान ठेवला, तर तो शेतात उगवणारच नाही. अन् ती ढोली वच्छलानं लग्नाच्या वर्षी, बांबूच्या तट्ट्याला माती लिंपून, आपल्या हातानं उभारलेली. सुखराम नुसताच नळ इकडचे तिकडे करत बसला.

"काऊन जी, मुहूर्त पाहून राहिले का?" वच्छलानं विचारलं.

"ढोली मोडा लागते," तो पुटपुटला.

"मंग मोडा! डोरे गेले त ढोली पाहू कायनं?"

त्याचा हात उठेना, तेव्हा तिनंच लोखंडी सब्बल उचलली आणि पहिला घाव घातला. धान घरच्याच मडक्यांत गेला.

नळ कोपऱ्यातून वळून छपराबाहेर निघाले. चूल पेटली, धूर मुकाट बाहेर गेला. महिन्याभरात वच्छलाच्या डोळ्यांचं पाणी थांबलं. एके दिवशी जेवण वाढता वाढता ती नवऱ्याच्या तोंडाकडे पाहतच राहिली.

"काय पाहून राहिली वं?"

"तुमची मिशी पांढरी झाली जी. कधी झाली?"

"मागंच झाली," सुखराम म्हणाला आणि ताट घेऊन तिच्याजवळ सरकला.