तीन रिकामी वर्तुळे

"तू मागे उभा राहून वरचे कोपरे धर. टाचण्या टिकत नाहीत," सर म्हणाले. "आणि परीक्षक जाईपर्यंत पुढे येऊ नकोस."

जळगावातल्या एका महाविद्यालयाचे सभागृह. चर्चासत्राचा दिवस. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. लाकडी फळीच्या मागे मी दोन्ही हात वर करून उभा होतो. फळीच्या पुढे हेमंत. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला बिल्ला. मला बिल्ला नव्हता. पोस्टरवरचे प्रत्येक अक्षर माझ्या हातचे होते. वर नावे दोन: सरांचे आणि हेमंतचे. तळाशी, बारीक अक्षरांत, "सुलेखन" असे लिहून माझे. तेही मलाच लिहावे लागले होते.

आम्ही दोघे धुळ्याला भूगोलाच्या एम.ए.ला होतो, सर आमचे मार्गदर्शक. माझे वडील नरडाण्याला रेल्वेच्या रुळांवर गँगमन. हेमंतचे वडील डॉक्टर. हेमंत वाईट मुलगा नव्हता. असता, तर मला सोपे गेले असते. सरांच्या खोलीत तो न विचारता खुर्चीवर बसे. नकाशे काढायचे परदेशी पेन त्याच्याजवळ होते. ते तो मला सहज देई आणि परत घ्यायला सहज विसरे. ही विसरण्याची ऐपत मला हवी होती. न्याय वगैरे शब्द पुढे आले. आधी मला त्याचा शर्ट हवा होता.

पोस्टरचा विषय होता पांझरा नदीकाठच्या चाळीस विहिरींची मे महिन्यातली पाण्याची पातळी. विहिरी मी मोजल्या. सायकलवरून. पोलादी टेपला खडू चोळायचा, टेप विहिरीत सोडायचा, वर ओढून खडू कुठवर भिजला ते वाचायचे. सदतीस विहिरी झाल्या. उरलेल्या तीन एकाच मळ्यात, एका ओळीत होत्या. मळ्याचे मालक, त्यांना सारे नाना म्हणत, बांधावर आडवे आले.

"आडनाव काय शे तुनं?"

मी सांगितले.

"तठेच उभा ऱ्हाय. हाई आमनं पिवानं पानी शे."

"नाना, मी विहिरीला हात लावत नाही. फक्त टेप सोडतो."

"टेप तुनाच शे ना?"

मळ्यात इंजिन चालू होते. पाटातून पाणी वाहत होते. ते माझ्या पायांपासून चार हातांवर होते. मी टेप गुंडाळला आणि सायकल फिरवली.

दुसऱ्या दिवशी हेमंतला सांगितले. तो हसला.

"अरे, नाना म्हणजे माझे मामा! सांगायचंस ना, चिठ्ठी दिली असती. लहानपणी सगळी सुट्टी तिथेच जायची आमची. काय गोड पाणी आहे, यार."

"मग तू जाऊन मोज. एका दुपारचं काम आहे."

"या उन्हात? सोड ना."

मला जन्मभर मागूनही मिळाले नसते ते घेण्यासाठी त्याला खुर्चीतून उठायचेही नव्हते. त्या दिवसापर्यंत माझा मत्सर नुसता सलत होता. त्या दिवशी त्याला धार आली.

सर म्हणाले, "तीन जागा मोकळ्या कशा ठेवणार? मे महिना आहे. कोरड्या दाखव. कोण विचारतंय?"

नकाशाच्या सूचीत निळे वर्तुळ म्हणजे पाणी असलेली विहीर, रिकामे वर्तुळ म्हणजे कोरडी. मी तीन रिकामी वर्तुळे काढली. कंपासने, नीट. माझ्या हाताने. हे लपवण्यात अर्थ नाही.

आठवड्याने सर त्याच तीन वर्तुळांवर बोट ठेवून उभे राहिले. "एका रेषेत आहेत! इथे जमिनीखाली डाईक असणार." डाईक म्हणजे काळ्या दगडाची उभी भिंत. धुळ्याच्या माळावर अशा भिंती उघड्याही दिसतात. जमिनीखाली असली तर ती पाणी अडवते. सरांना खरेच विसर पडला होता, की त्यांनी तो पाडून घेतला, हे मला आजही सांगता येत नाही. पोस्टरचा निष्कर्ष ठरला. मी तो ठळक अक्षरांत लिहिला.

आणि आता फळीच्या पलीकडे परीक्षक आले होते. फळीच्या खालून मला त्यांच्या जुन्या चपला दिसत होत्या. समोर हेमंतचे बूट.

"या तीन विहिरींवरून भिंत ओळखलीत. छान. मोजणी कुणी केली?"

"मी केली, सर," हेमंत म्हणाला.

"मेच्या उन्हात? शाब्बास!"

पाठीवर थाप पडल्याचा आवाज आला. माझे हात भरून आले होते. मी ते खाली घेतले.

पोस्टर वरून सुटले आणि पुढे लोंबले. मी फळीला वळसा घालून पुढे आलो.

"त्या विहिरींना पाणी आहे," मी म्हणालो. "मोजायला मी गेलो होतो. मला बांधावर अडवलं. मळा याच्या मामांचा आहे. हा ते पाणी प्यायला आहे. त्याला विचारा."

"हा आमचा सुलेखनवाला," सर घाईने म्हणाले. "तुम्ही मनावर घेऊ नका."

परीक्षकांनी हेमंतकडे पाहिले. "पाणी आहे?"

हेमंतने सरांकडे पाहिले. मग बुटांकडे. "आहे."

"मग ही भिंत?"

परीक्षकांनी पेनाला टोपण लावले आणि ते पुढच्या फळीकडे गेले. मला ते एक शब्दही बोलले नाहीत.

मी त्या दिवशी सत्यासाठी बोललो, असे पुढे काही लोकांनी मानले. ते चूक आहे. मी त्या थापेसाठी बोललो. ती माझ्या पाठीची होती. सत्य माझ्या मत्सराच्या मागून आले. पण आले.

परतीची बस पारोळ्याला थांबली. सर माझ्या सीटपाशी आले. "दुसरा मार्गदर्शक शोध. मिळणार नाही, एवढं मी बघेन." त्यांनी शब्द पाळला. माझे संशोधन तिथे संपले.

हेमंतने चहा आणला. "तू आधी सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं."

चहा मी घेतला नाही.

पोस्टरची गुंडाळी वाहण्याचे काम माझ्याकडे होते. ती मी विभागात पोचवली नाही, खोलीवर नेली. ब्लेडने तिन्ही वर्तुळे खरवडली. ठळक अक्षरांतला निष्कर्ष खरवडला. "सुलेखन" हा शब्द खरवडला, नाव ठेवले. वर्तुळांच्या जागी तीन काळे चौकोन भरले. सूचीत तिसरी ओळ लिहिली: काळा चौकोन, मोजणाऱ्यास मज्जाव. सकाळी ते पोस्टर विभागाच्या दारावर चारी कोपऱ्यांत खिळे ठोकून लावले. धरायला कोणी लागू नये म्हणून.

पुढे पोटासाठी मी विहिरींच्याच मोजणीचे काम केले. माझ्या प्रत्येक नकाशाच्या सूचीत ती तिसरी ओळ असते. वरिष्ठांनी ती खोडायला सांगितली. मी खोडली नाही. हेमंतचा मत्सर अजून वाटतो. त्याची मला लाज नाही.

जिच्यावर मला चढू दिले नाही, ती विहीर कोरडी आहे, असे माझा हात पुन्हा लिहिणार नाही.