परबबाईंचं आंधळं यान

आठवीत आम्हाला विज्ञान शिकवायला रत्नप्रभा परब नावाच्या बाई आल्या, ते साल पंच्याऐंशीचं. भांडुपच्या टेकडीखालची आमची मराठी शाळा. वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील गिरणीत होते, म्हणजे संपाआधी होते. माझे बाबा, जयवंत राणे, मागावर काम करायचे. संपानंतर गिरणीने परत घेतलं नाही, तेव्हापासून मुलुंडच्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन. घरात गिरणीचा विषय काढायचा नाही, हे न सांगता सगळ्यांना कळलं होतं.

परबबाई तिशीच्या, बुटक्या, चालताना चपलेचा फटफट आवाज करणाऱ्या. त्यांचे वडीलही गिरणीतलेच, पण हे आम्हाला नंतर कळलं. त्या पेपरातली कात्रणं पुठ्ठ्यावर चिकटवून आणायच्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्याच तासाला त्यांनी असं एक कात्रण फळ्याला टेकवून ठेवलं. ते एका यानाचं चित्र होतं. नाव व्हॉयेजर.

"हा यंत्रमानव आहे," बाई म्हणाल्या.

नंदू मागून ओरडला, "बाई, हात-पाय कुठायत याचे?"

"नाहीत. ज्याला लांबून काम सांगता येतं आणि जो ते एकटा करतो, तो यंत्रमानव. हा जानेवारीत युरेनसजवळून जाणार आहे. आपण इथून सांगितलेलं त्याला ऐकू जायला अडीच तासांच्या वर लागतात. उत्तर यायला परत तेवढेच."

आम्ही माना डोलावल्या. कुणाला काही कळलं नव्हतं. बाईंनी तोंडं पाहिली आणि खडू खाली ठेवला. "चला मैदानात."

मैदानात त्यांनी माझ्याच ओढणीने माझे डोळे बांधले. मी यान. नंदू दुसऱ्या टोकाला पायरीवर उभा, तो पृथ्वी. आमच्या दोघांमध्ये अख्खा वर्ग रांगेत. नंदूने हुकूम पहिल्याच्या कानात सांगायचा, त्याने पुढच्याच्या, असं करत तो माझ्यापर्यंत यायचा. मला चिंचेच्या झाडापर्यंत पोचायचं होतं.

सुरुवातीला झकास मजा आली. "डावीकडे वळ" निघालं आणि माझ्या कानात "डावीकडे पळ" होऊन आलं. मी पळाले. नंदूने मला पाण्याच्या टाकीकडे जाताना पाहिलं आणि "थांब" सांगितलं. ते "थांब" अजून अर्ध्या रांगेत होतं, तोवर मी टाकीच्या कट्ट्यावर आपटले. कपाळ फुटलं. बाईंनी स्वतःच्या पदराने रक्त दाबून धरलं आणि मला दवाखान्यात नेलं. टाका घालेपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा ड्यूटीवर जायच्या आधी खाकी कपड्यातच शाळेत आले. आम्ही वर्गातच होतो.

"बाईनू, माझ्या चेडवाक डोळे बांधून कित्याक चालवलात?"

बाई पुढे आल्या. पण बाबा थांबायला तयार नव्हते. कपाळाचं बोलता बोलता त्यांचा आवाज भलतीकडेच वळला. "यंत्रां इली नि आमी घराक बसलंव. भिवंडीक माग धडधडतत, नि आमी गेट उघडतंव. आता पोरांका यंत्रमानव शिकवा!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

परबबाईंनी शाळेत कधी न बोललेल्या मालवणीत उत्तर दिलं. "चूक माझी आसा, राणेनू. कट्टो माका दिसत होतो. मी आधीच थांबवक व्हया होता." मग म्हणाल्या, "माझे बापूस पण घराकच बसले ओ."

बाबा माझ्या कपाळाकडे एकदा बघून निघून गेले.

बाईंनी डोळे पुसले, आमच्यासमोरच. मग विचारलं, "काल काय चुकलं, सांगा."

कुणी म्हणालं रांग मोठी होती, कुणी म्हणालं नंदूने आधी बघायला हवं होतं. बाई म्हणाल्या, "रांग लहान करता येत नाही. युरेनस जवळ आणता येत नाही. मग?"

मला एकदम आठवलं. लहानपणी बाबा जेवताना मागाच्या गोष्टी सांगायचे. मी उभी राहिले. "बाई, धागा तुटला की माग आपोआप थांबतो. कुणी सांगायची गरज नसते. आधीच तशी सोय केलेली असते."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "क्षमा, हे वर्गाला नीट कोण समजावेल?"

"बाबा येणार नाहीत," मी म्हणाले.

बाई स्वतः आमच्या खोलीवर आल्या. आईने चहा ठेवला. बाबा आधी नाहीच म्हणाले. बाईंनी आग्रह केला नाही, चहा घेतला आणि निघताना एवढंच म्हणाल्या, "पोरां वाट बघतत. तुमका जमात तेवा येवा."

आठवडाभराने बाबा आले. खडूने फळ्यावर माग काढला, वाकडातिकडा. प्रत्येक धाग्यावर एक पातळ लोखंडी पत्री कशी लटकते, धागा तुटला की ती कशी खाली पडते आणि माग कसा बंद होतो, हे त्यांनी सांगितलं. सांगता सांगता त्यांचे हात मागावर असल्यासारखे हवेत फिरायला लागले. संपानंतर त्यांना असं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मग आम्ही यानासाठी नियम केले. पायाला काही लागलं की थांब. एक पाऊल मागे ये. हात वर कर आणि पुढच्या हुकमाची वाट बघ. कट्ट्याभोवती बाईंनी गोणपाटं रचली. यान व्हायला परत कुणी तयार होईना, म्हणून मीच झाले. वेळ फार लागला. दोनदा गोणपाटाला पाय लागला, दोनदा थांबले. शेवटी हाताला चिंचेचं खोड लागलं आणि रांगेतून जो ओरडा उठला, तो ऐकून हेडमास्तर गॅलरीत आले.

जानेवारीत युरेनसची चित्रं पेपरात आली. बाईंनी सांगितलं, शनीच्या भेटीनंतर या यानाच्या कॅमेऱ्याची मान अडकली होती. शास्त्रज्ञांनी इतक्या लांबून तिला हळूहळू वळायला शिकवलं. आम्ही टाळ्या वाजवल्या, जणू आमच्याच वर्गातलं कुणी पास झालं होतं.

आणि त्याच आठवड्यात दुसरी बातमी आली. अमेरिकेत माणसं घेऊन निघालेलं यान आकाशात फुटलं. सात जण गेले. त्यात एक शाळेतल्या बाई होत्या. त्या वरून मुलांना धडा शिकवणार होत्या.

परबबाई वर्गात आल्या आणि खुर्चीत बसून राहिल्या. त्या कधी बसून शिकवत नसत.

नंदूने हळूच विचारलं, "बाई, यंत्र जातं ना? मग माणसं कशाला पाठवतात?"

"मला माहीत नाही रे," बाई म्हणाल्या. "मी रात्रभर हाच विचार करतेय."

त्या दिवशी संध्याकाळी त्या बाजारात बाबांना भेटल्या. मी बरोबर होते. बाबांनी विचारलं, "बाईनू, त्या यानात तुमका बोलावल्यानी असता तर गेल्या असत्यात?"

"गेले असतंय," बाई लगेच म्हणाल्या.

बाबा मग म्हणाले, "आधी यंत्रांका जाऊ दे. वाट कशी आसा ती बघून येवंदेत. मग तुमी जावा." यंत्राबद्दल त्यांच्या तोंडून बरा शब्द निघाला, तो हाच पहिला. बाई त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या.

फेब्रुवारीत वॉर्डाच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही आमचा खेळ मांडला. बक्षीस ज्वालामुखीच्या मॉडेलला गेलं. पण गर्दी आमच्याकडे होती, आणि बाबा सुट्टी टाकून फळ्याशी उभे होते, येईल त्याला माग समजावत.

दहावीनंतर मी इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला गेले. एकोणनव्वदच्या ऑगस्टमध्ये तेच यान नेपच्यूनपाशी पोचलं, तेव्हा बाईंनी मला त्यांच्या नव्या आठवीपुढे बोलायला बोलावलं. मी टाकीच्या कट्ट्यापासून सुरुवात केली. शेवटी पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, नेपच्यूनचा मोठा चंद्र ग्रहाच्या उलट दिशेने का फिरतो?

मला येत नव्हतं. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनीही नकारार्थी मान हलवली.

"शनिवारी मरीन लाइन्सच्या मोठ्या वाचनालयात जाऊन बघू," त्या त्या मुलीला म्हणाल्या. "आईला विचारून ये. क्षमाताई पण येईल आपल्याबरोबर."

आम्ही तिघी गेलो.